गावानं बदललेला नियम (रोजनिशीतील पाने)

२९ मे २०२५, गुरुवार

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो काल अमेरिकेत वारले. ८७ वर्षांचे होते. सकाळी बातमी वाचली आणि दिवसभर हाताला दुसरं काम लागलं नाही.

गेली कित्येक वर्षं मी त्यांची गोष्ट वर्गात सांगत आले आहे. शाळेत गिकुयू ही आपली भाषा बोलताना पोर सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात पाटी. मोठेपणी इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव मिळवलेला हा लेखक १९७७ साली कामिरिथूच्या शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयूत नाटक उभं करतो आणि वर्षाअखेर तुरुंगात जातो. त्याच वर्षी त्यांची इंग्रजी कादंबरी आली होती. तिच्यासाठी कुणी पकडायला आलं नाही, गावकऱ्यांच्या भाषेतल्या नाटकासाठी आले. केनियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा १४ वर्षं झाली होती, म्हणजे पकडणारं सरकार आपलंच होतं. कोठडीत संडासच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली.

जूनमध्ये कॉलेज सुरू होईल. यंदाही नायजेरियन लेखक अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ शिकवायची आहे. परीक्षेत मुलं दरवर्षी एक वाक्य हमखास लिहितात : ‘वसाहतवादामुळे आफ्रिकेच्या पारंपरिक मूल्यांचा ऱ्हास झाला.’ मी त्याला मार्क देते, कारण ते माझ्याच नोट्समधलं आहे. पण ‘आफ्रिकेची मूल्ये’ म्हणजे नक्की कुणाची? अचेबे इग्बोंविषयी लिहितात, न्गुगी गिकुयूंविषयी. आणि ऱ्हास झाला म्हणजे काय झालं? या सुट्टीत नोट्स बाजूला ठेवून पुस्तकं पुन्हा वाचायची.

२ जून, सोमवार

‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या पहिल्या पन्नास पानांत कोनफळच कोनफळ. ‘यॅम’ला कोशात रताळं, सुरण असे शब्द मिळतात, पण ते चालणार नाहीत. आपल्या कोनफळाच्याच जातीचा हा कंद. पुरुषाचं पीक. घरात किती कंद साठवलेत यावर माणसाची पत ठरते. अळकुड्या, शेंगा, कसावा ही बायकांची पिकं. नायक ओकोंक्वोच्या बापाकडे कंद नव्हते, बासरी होती आणि भिंतीवर खडूनं ओढलेल्या कर्जाच्या रेघा होत्या. बापासारखं व्हायचं नाही, या एकाच भीतीवर ओकोंक्वोचं सगळं आयुष्य उभं आहे.

आज चौथ्या प्रकरणात थांबले. लावणीच्या आधी शांततेचा आठवडा असतो. त्यात कुणी कुणाला कठोर शब्दही बोलायचा नाही, कारण भूमाता रुसली तर पीक येणार नाही. ओकोंक्वो त्याच आठवड्यात धाकट्या बायकोला मारतो. पुजारी दंड सांगतो : एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा तागा आणि शंभर कवड्या. पुढे गावातला सर्वांत म्हातारा माणूस, एझेउदू, भेटायला आलेल्यांना सहज सांगून जातो की माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, फार पूर्वी असा गुन्हा करणाऱ्याला मरेस्तोवर गावातून फरफटत नेत. ती चाल बंद पडली, कारण जी शांतता राखायची तीच त्यानं मोडत होती.

हे पान मी आजवर वर्गात घाईनं उलटत आले होते. आज तीनदा वाचलं. गोरा माणूस यायला अजून कित्येक वर्षं आहेत, ना चर्च आहे ना कोर्ट. गावानं आपलाच एक क्रूर नियम आपल्याच तत्त्वाला लावून पाहिला, तो तिथं बसेना, आणि सोडून दिला. असं करण्याची ताकद हेच मला ओकोंक्वोच्या गावाचं, उमुओफियाचं, सगळ्यांत मोठं मूल्य वाटतं, आणि नोट्समध्ये त्याचा उल्लेखही नाही.

५ जून, गुरुवार

भाचा लागोसहून सुट्टीवर आलाय. तिथं नोकरीला लागून त्याला चार वर्षं झाली. त्याला कोला आणायला सांगितलं होतं. रुमालात गुंडाळून पाच-सहा बिया आणल्या. तांबूस, गुळगुळीत, मोठ्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या. नखानं दाबली की आपोआप पाकळ्या सुटतात. चावली तर कडूजार, पण वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं.

वर्गात मी ‘म्हणजे आपली पानसुपारी’ असं सांगून मोकळी व्हायचे. ते अपुरं होतं. इग्बो घरात पाहुणा आला की कोला समोर येते. ती कुणी फोडायची यावर आधी थोडा मानपानाचा आग्रह, मग प्रार्थना : पूर्वजांना, आयुष्यासाठी, शत्रूपासून रक्षणासाठी. पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर शुभ, कारण त्यांचा आठवडाच चार बाजारांचा. कर्ज मागायला आलेला माणूससुद्धा ती खाऊन झाल्याशिवाय कर्जाचा विषय काढत नाही. भाचा म्हणाला, “मावशी, आमच्या ऑफिसातले इग्बो लोक आपसात इंग्रजी बोलतात, पण कोला फोडताना नाही. कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणतात.”

न्गुगींना हे वाक्य आवडलं असतं.

११ जून, बुधवार

पाऊस लागून राहिलाय. शाळा गळते म्हणून धाकट्याला सुट्टी. तो शेजारी चित्रं काढत बसला आणि मी इकेमेफुनाच्या मरणापर्यंत आले.

दुसऱ्या गावानं खुनाची भरपाई म्हणून दिलेला हा मुलगा तीन वर्षं ओकोंक्वोच्या घरी वाढतो, त्याला बाबा म्हणायला लागतो. मग देवाचा कौल येतो की त्याला मारा. एझेउदू ओकोंक्वोला बजावून जातो, की पोर तुला बाप म्हणतं, तू हात लावू नकोस. कौल मानायलाच हवा, पण बापानं वार केलाच पाहिजे असं गावाचं म्हणणं नाही. तरी पोरगा जिवाच्या आकांतानं त्याच्याकडे धावतो तेव्हा कोयता ओकोंक्वोच चालवतो. लोक भेकड म्हणतील, एवढ्याच भीतीनं. त्या रात्री त्याच्या मुलाच्या, न्वोयेच्या, आत काहीतरी तुटतं. यापूर्वी एकदाच तसं झालेलं असतं : शेतावरून येताना रानात टाकून दिलेल्या जुळ्यांचं रडणं कानावर आलं होतं तेव्हा.

पुढे मिशनरी येतात. न्वोयेला त्यांचं धर्मशास्त्र कळत नाही. अंधारात बसलेल्या भावंडांचं गाणं कळतं. त्याच्या मनात टाकलेली जुळी रडत असतात, इकेमेफुना असतो. तो जातो आणि त्याचा आयझॅक होतो.

आणि ओबिएरिका. ओकोंक्वोचा हा मित्र कर्ता माणूस, परंपरा मोडणारा नाही. पण मित्राला सात वर्षांच्या हद्दपारीवर जावं लागतं, त्याचं घर गावच जाळतं, तेव्हा हा एकटाच बसून विचार करतो. नकळत घडलेल्या चुकीला एवढी शिक्षा का? आपल्या बायकोची जुळी आपण रानात टाकली, त्यांचा काय गुन्हा होता? त्याला उत्तर सापडत नाही, पण प्रश्न पडलेला आहे. चौथ्या प्रकरणातला म्हातारा जे सांगत होता त्याची ही सुरुवात आहे. आणखी दोन-तीन पिढ्या मिळत्या तर ओबिएरिकाच्या नातवानं कुणाला तरी सांगितलं असतं, की फार पूर्वी जुळी टाकत, पण ती चाल बंद पडली.

त्या दोन-तीन पिढ्या मिळाल्या नाहीत.

१९ जून, गुरुवार

आज वर्गात ओसूंवर आलो. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. तो आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्या. गावाच्या सभेत बसता येत नाही, स्वतंत्र माणसाशी लग्न नाही, मेल्यावर सैतानाच्या रानात पुरतात. केस कापायचे नाहीत. लांब, गुंतलेले, मळलेले केस हीच खूण.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, ही तर जट.”

वर्ग एकदम गप्प झाला. आमचं कॉलेज सीमाभागातलं. यल्लम्माला सोडलेल्या बायका आणि त्यांच्या जटा इथं कुणाला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. त्या मुलीनं मग सावकाश सांगितलं, की तिच्या आजीला जट होती, आणि बारशाला आजीला पुढे बसवत नसत. मी आजवर ओसू म्हणजे अस्पृश्य असं सांगत आले. आज तिनं मला दुरुस्त केलं. जन्मानं चिकटलेला विटाळ आहेच, पण त्याचं मूळ देवाला सोडण्यात आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात.

कादंबरीत दोन ओसू चर्चमध्ये येतात. आधी बाटलेलेच त्यांना घेऊ देत नाहीत. मिस्टर किआगा हा तिथला शिक्षक, स्वतः काळा माणूस, ऐकत नाही. तो सांगतो, केस उतरवा. ते थरथरतात, मरू म्हणतात. शेवटी वस्तरा फिरतो. मरत कुणी नाही.

आमच्या गल्लीत एक आक्का होत्या. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून त्यांची जट कापली, तेव्हा मी तिथं होते. दोरखंडासारखी जड, कुंकवानं आणि भंडाऱ्यानं लडबडलेली. कापल्यावर मान हलकी झाली म्हणून त्या रडल्या, आणि ती जट मांडीवर घेऊन तासभर बसून राहिल्या. पुढे आठ दिवस रोज पहाटे उठून नातवाच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या. ताप आला नाही. नवव्या दिवशी डोक्याला खोबरेल लावलं.

त्या दोन ओसूंच्या मनाची स्थिती मला आक्कांमुळे कळली, कुठल्याही समीक्षेमुळे नाही.

२१ जून, शनिवार

परवा वर्गात मी एका बाजूला कलले. तास संपल्यावर एक मुलगा जिन्यात म्हणाला, “मॅडम, मग मिशनरी आले ते बरंच झालं म्हणायचं?”

त्याचं चुकलं नाही, मीच अर्धं सांगितलं होतं. कादंबरीत दोन वस्तरे आहेत. एक किआगाचा. दुसरा शेवटाकडे येतो : जिल्हा कमिशनर गावच्या सहा म्होरक्यांना बोलणी करू म्हणून बोलावतो, बेड्या घालतो, आणि कोर्टाचे चपराशी त्यांची डोकी भादरतात, डोक्यावर डोकी आपटतात, चाबूक मारतात. दंड कवड्यांच्या २०० थैल्यांचा असतो, चपराशी गावात जाऊन २५० सांगतात. ज्या राज्याच्या आडोशाला ओसूचे केस उतरले, त्याच राज्यानं मानकऱ्यांचे उतरवले. एकाला दुसऱ्यापासून सोडवून घेता येत नाही, आणि अचेबे सोडवतही नाहीत.

शिवाय अबामे आहे. तिथल्यांनी सायकलवरून आलेल्या एकट्या गोऱ्याला मारलं आणि सायकल झाडाला बांधून ठेवली. मग भर बाजाराच्या दिवशी गावाला वेढा पडला, गोळ्या सुटल्या, गाव उरलं नाही. यामागे खरी घटना आहे. १९०५ मध्ये वाट चुकलेला एक ब्रिटिश डॉक्टर अहियाराजवळ मारला गेला आणि फौज पाठवून त्या मुलखावर सूड उगवला गेला. उमुओफियाच्या लोकांनी नवा देव मान्य केला तो अबामेची बातमी कानावर आल्यानंतर, हे त्या मुलाला सोमवारी सांगायचं.

२४ जून, मंगळवार

रात्री दोनपर्यंत अचेबेंची ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’. १९६४ ची ही कादंबरी पहिलीपेक्षा मोठी आहे, पानांनी आणि समजुतीनंही. पहिलीची कीर्ती एवढी, की हिच्यापर्यंत वाचक पोचतच नाहीत.

सहा गावं एकत्र येऊन उमुआरो झालं. गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांना तोंड द्यायचं होतं म्हणून सगळ्यांनी मिळून एक नवा देव स्थापला, उलू. म्हणजे देव माणसांनी गरजेपोटी केला हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी तो खरा आहे. ही समजूत मला फार प्रगल्भ वाटते. एझेउलू त्याचा पुजारी. दर अमावास्येनंतर चंद्राची कोर दिसली की त्यानं एक पवित्र कंद भाजून खायचा. कंद संपत आले की नव्या कंदांचा सण, मग शेतं खणायची. अख्ख्या मुलखाचं पंचांग त्या एका माणसाच्या ताटात.

इंग्रजांना स्वस्तात राज्य करायचं होतं. गावोगाव एक राजा असेल, त्याच्यामार्फत हुकूम चालवू, हा गव्हर्नर लुगार्डचा हिशेब. बहुतेक इग्बो गावांत राजे नव्हतेच, सभा होत्या. मग कागदावर सही करून राजे बनवले, ‘वॉरंट चीफ’. कादंबरीतला कॅप्टन विंटरबॉटम एझेउलूला राजा करायला बोलावतो. तो म्हणतो, मी उलूशिवाय कुणाचा मुखत्यार होणार नाही. त्याला ओक्पेरीत डांबून ठेवतात. त्या काळात दोन वेळा नवी कोर दिसते, आणि दोन कंद खायचे राहतात.

परत आल्यावर तो सण पुकारत नाही. कंद शिल्लक आहेत, खाऊन होईपर्यंत थांबा. पीक जमिनीत सडायला लागतं, पोरं उपाशी. मानकरी त्याच्याकडे येतात. ते जे बोलतात तिथं मी पुस्तक उघडंच पालथं ठेवलं. ते म्हणतात : उरलेले कंद आजच खा, त्याचं पाप आमच्या डोक्यावर घेतो. ही पुन्हा एझेउदूचीच गोष्ट. नियम माणसांना मारायला निघाला, तर जाणत्यांनी मिळून तो वाकवायचा आणि त्याचा भार स्वतः उचलायचा. रीत तयार होती, माणसंही तयार होती. एझेउलू ऐकत नाही. तुरुंगात असताना गावातलं कुणी आपल्यासाठी उठलं नाही, याचा राग त्याच्या पोटात आहे. त्या रागाला तो देवाची आज्ञा समजतो.

तेवढ्यात चर्चमधून जाहीर होतं : कंद आमच्या देवाला वाहा आणि निर्धास्त खणा, उलू काही करणार नाही. लोक जातात. भुकेनं जातात, पटलं म्हणून नाही. पिकं ख्रिस्ताच्या नावानं निघतात आणि उलू तिथंच संपतो.

गोऱ्या अधिकाऱ्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्या लेखी एक हट्टी पुजारी काही दिवस कोठडीत होता, बस्स.

२८ जून, शनिवार

न्गुगींची ‘द रिव्हर बिटवीन’ (१९६५) चाळली. केनियात मुलींच्या सुंतेवरून मिशन आणि गिकुयू यांच्यात १९२९ च्या सुमारास जे पेटलं, ते हिच्यामागे आहे. प्रतिमा फार ठळक आहेत, नदी जरा जास्तच बोलते. पण मुथोनी विसरता येत नाही. या पोरीला येशूही हवा आहे आणि आपल्या जमातीतलं बाईपणही. सुंतेची जखम चिघळून ती मरते. नदीच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरचे लोक तिच्या मरणाचा अर्थ आपापल्या सोयीनं लावतात. तिला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही.

१ जुलै, मंगळवार

बुची एमेचेटांची ‘द जॉइज ऑफ मदरहूड’ (१९७९). इबुझा गावात ज्याला लेकरं त्याला म्हातारपणाची काळजी नाही, आणि ते खरं होतं, कारण लेकरं शेजारच्या झोपडीत राहत. न्नू एगो तेच मूल्य घेऊन लागोसला जाते. नवरा गोऱ्या बाईचे आतले कपडे धुतो. ती लाकूडफाटा, सिगारेटी विकून मुलांना शिकवते. थोरला अमेरिकेला, दुसरा कॅनडाला. ती एका रात्री रस्त्याच्या कडेला एकटी मरते. मग मुलं येतात आणि थाटात दिवस घालतात.

मुलींना हे पुस्तक वाचायला देणार आहे. अचेबेंच्या पहिल्या कादंबरीत ओकोंक्वोच्या बायका अळकुड्या लावतात, मार खातात आणि गोष्टी सांगतात. त्यांच्या मनात काय चाललंय हे कळायला एमेचेटा लागतात.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास. साबुदाणा भिजत घातला आणि ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ (१९६०) संपवली. साबुदाणा त्याच कसाव्याचा.

ही ओकोंक्वोच्या नातवाची गोष्ट. ओबी इंग्लंडहून पदवी घेऊन येतो, लागोसला सरकारी नोकरीत लागतो. क्लारा नावाच्या नर्सशी लग्न ठरवतो. ती ओसू निघते. तो गावी जातो, वडिलांना सांगायला. वडील म्हणजे आयझॅक, म्हणजे न्वोये. जुळ्यांचं रडणं ऐकून आतून तुटलेला, बापाचे शाप घेऊन घर सोडलेला, ज्याच्या चर्चनं ओसूंचे केस उतरवून त्यांना शेजारी बसवलं तो न्वोये. आता निवृत्त धर्मोपदेशक. तो म्हणतो, हे लग्न करू नकोस, तुझ्या मुलाबाळांशी कुणी सोयरीक करणार नाही. आई म्हणते, मी जिवंत असताना केलंस तर जीव देईन.

कोला ख्रिस्ती घरातही येते, फक्त प्रार्थना येशूच्या नावानं. जुने देव जाळले, सभा गेल्या, मुखवटे गेले, पुजारी गेले. ओबिएरिकाच्या प्रश्नाला जागा राहिली नाही, कारण जिथं तो मांडायचा ती ओसरीच राहिली नाही. वरून आलेल्या कोर्टानं जुळी वाचवली आणि मी ते कधीच कमी लेखणार नाही. पण ओसूपण माणसांच्या मनात होतं, तिथं कोर्ट पोचत नव्हतं. तिथं पोचणारे म्हातारे, ‘ती चाल बंद पडली’ असं सांगणारे, तोवर कुणी विचारात घेईनासे झाले होते. वसाहतीनं मूल्यं मोडली हे अर्धंच खरं. तिनं मूल्यं दुरुस्त करणारे हात मोडले, आणि क्रूरपणा जसाच्या तसा पुढच्या पिढीच्या हवाली झाला. नोट्समधलं ते वाक्य आज खोडलं.

ओसू प्रथा रद्द करणारा कायदा पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानं १९५६ मध्ये केला होता. ओबी आणि क्लाराची कादंबरी त्यानंतर चार वर्षांनी आली. लग्न होत नाही.

ज्यांनी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचून पुस्तक मिटलं आहे, त्यांनी ही लहानशी कादंबरीही वाचावी. आणि पहिलीचं चौथं प्रकरण पुन्हा एकदा.